डोळा सोडून मागचं गवत

वैशाली नगरच्या प्रेमानंद मेश्रामांनी उभा जन्म पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवली आणि रिटायर झाल्यावर पाखरांचे फोटो काढायचा नाद लावून घेतला. नाद म्हणजे पुरता नाद. खंड्याच्या डोळ्यातली चमक फोटोत उतरली नाही, तर त्यांना जेवण गोड लागायचं नाही. त्यासाठी हातभर लांब टेलिफोटो लेन्स घेतली. सुजाताबाई तिला सवत म्हणत, आणि काही खोटं म्हणत नसत.

त्या लेन्सला त्यांनी कुणाला बोट लावू दिलं नाही, एक बाबाराव सोडून. दोघं एकाच क्रेनवर होते. एकाची शिफ्ट संपली की दुसरा चढायचा. असा माणूस मागतो, तर नाही कसं म्हणणार? बाबारावने लेन्स तलावावर नेली आणि काही दिवसांनी झाडूनपुसून परत आणून दिली.

तेव्हापासून फोटो बिघडले. फोकस लागल्याची शिट्टी कॅमेरा इमानदारीने द्यायचा, पण फोटोत पाखराचा डोळा धुरकट आणि मागच्या गवताची काडी न काडी स्पष्ट.

"लेन्सले काही झालं असन का गा?" त्यांनी बाबारावला विचारलं.

"लेन्सले काय होते? तुये हात थरथरून राह्यले. म्हणून फोकस गवतावर जाते. वय झालं आता."

भल्या माणसाने ते खरं मानलं! चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागले. सुजाताबाईंना स्कूटरवर मागे बसवणं सोडलं. तलावावर जाणंही बंद झालं. शेवटी लेन्स विकून टाकावी म्हणून ते सिविक सेंटरच्या बाजारातल्या कॅमेरा-दुरुस्तीवाल्याकडे गेले.

त्याने लेन्स पाहताच ओळखली. "अंकल, ये तो बाबाराव अंकल लाए थे, गिरने के बाद. अंदर का काँच हिल गया है, मैंने बताया था. वो वैसे ही ले गए."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. प्रेमानंद तडक बाबारावच्या दारात उभे राहिले.

"पडली तं सांगाले काय झालं होतं?"

"तू चिडशीन म्हणून." बाबारावने मान खाली घातली. "तुले ते जीव की प्राण होती."

"अन् माये हात थरथरते म्हणून सांगतलं, ते?"



लेन्सचं दुःख प्रेमानंदांनी गिळलंही असतं. पण क्रेनवरून उतरणाऱ्याने चढणाऱ्याला बिघाड सांगायचा, हा प्लांटचा धर्म. नियम होता की चढणाऱ्याने स्वतःही तपासायचं. बाबाराव "ब्रेक चांगला आहे" म्हणाला की प्रेमानंद कधी तपासत नसत, सरळ वितळलेल्या लोखंडाचं भांडं उचलत. खाली माणसं वावरत असत. त्यातल्या किती वेळा ब्रेक खरंच चांगला होता, हे आता कुणाला विचारायचं?