‘येतो’ म्हणालेला माणूस

बापू मला ‘जातो’ म्हणाला.

आपल्याकडं असं कुणी म्हणत नाही. शेजारी विरजण मागायला गेलेला माणूससुद्धा उठताना ‘येतो’ म्हणतो.

परवा दुपारी दवाखान्यात बापूनं तेवढा एक शब्द बदलला. आज पहाटे तो गेला.

बापू माझा शाळेपासूनचा मित्र. एसटीत कंट्रोलर होता, निम्मी नोकरी चंदगड स्टँडवर. आयुष्यभर आम्ही भांडलो ते या एका शब्दावरून.

एक जुनी विज्ञानकादंबरी आहे. नाव लिहीत नाही, नाहीतर खाली कमेंटमध्ये पुन्हा जुंपेल. पृथ्वीवरचं पाणी संपलंय. शेवटचं यान निघायचंय. त्यात जागा मिळालेला मुलगा दारात उभ्या असलेल्या आईला म्हणतो, “येतो.”

कादंबरी तिथंच संपते.

मंगळवार पेठेतल्या आमच्या वाचनालयात या शेवटावर प्रत्येकाचं मत वेगळं.

मी शाळेतल्या कवितांवर वाढलेला माणूस. अजून अंघोळ करताना चालीवर म्हणतो. माझं म्हणणं एकच, तो परत येणार. एवढ्या अफाट काळोखात निघालेला मुलगा आईला उगाच शब्द देईल होय?

बापू हसायचा.

“तुझ्या कवितेत समदीच परत येत्यात. पाखरं येत्यात, गाई येत्यात. एकदा स्टँडवर येऊन बस की. दिसभर ‘येतो, येतो’ ऐकतोय मी. ‘जातो’ म्हणून गाडीत चढल्याला एक माणूस दाव. मग काय, समदी परत आली व्हय रं?”

कांबळे मॅडम, निवृत्त विज्ञान शिक्षिका. त्यांना आमच्या दोघांचाही वैताग.

“तो येतोय का जातोय ते राहू द्या. यानात जागा कुणाकुणाला मिळाली ते नीट वाचा. आमच्या वस्तीतलं एक नाव दाखवा मला त्यात.”

मग कुणीतरी चहा सांगायचं.

पुढं बापूचा अमोल कॅनडाला गेला. दारात वाकून पाया पडला.

“येतो बाबा.”

सुरुवातीला आलाही. मग व्हिसा, मग नोकरी, मग नुसताच फोन.

एकदा वाचनालयात कुणीतरी पुन्हा तोच विषय काढला. मी सवयीनं बापूकडं बघितलं. म्हटलं, आता हा स्टँडचं काढणार.

बापू ताडकन उठला.

“येतो म्हणालाय की त्यो! म्हणालाय म्हंजे येणार!”

पेपर वाचत बसलेल्यांनी माना वर केल्या.

बापू शेवटी माझ्या बाजूला आला होता. मला आनंद व्हायला हवा होता.

त्यानंतर त्याच्यासमोर त्या कादंबरीचा विषय कुणी काढला नाही.

आजारपणात त्याचा एकच धोशा. “कुठवर आलाय?”

गाडी कुठवर आली विचारावं, तसं.

वहिनी म्हणायच्या, “निघतोय म्हणं.”

अमोलचे तिकडचे कागद अडकलेले. एकदा बाहेर पडला तर परत आत घेतील याची खात्री नाही. पोरगं खोटं बोलत नव्हतं. पण अंथरुणावरच्या माणसाला हे कोण समजावणार?

परवा बापूनं विचारलंच नाही. माझा हात धरला.

“जातो रं मी.”

“असं म्हणू नये बापू. येतो म्हण.”

“कुणाकडं येऊ?”

इतक्या कविता पाठ माझ्या. मी नुसती त्याची चादर सारखी केली.

आज पंचगंगेवर चितेला शेणी रचल्या. व्हिडिओ कॉलचा फोन माझ्या हातात. अमोल तिकडं गाडीत बसलेला, मागच्या काचेवर बर्फ.

“काका, जरा जवळ न्या ना.”

नेला. जाळाच्या धगीनं फोन तापला, बोटं पोळायला लागली. तो बघत होता, म्हणून मी धरून राहिलो.

घरी आल्यावर फोन वहिनींच्या हातात दिला.

“आई, मी येतो. कागद झाले की लगेच येतो.”

वहिनी रडल्या नाहीत. पदरानं स्क्रीन पुसली, त्याचा चेहरा नीट बघितला.

“येतो म्हणू नगो बाळा. तिकडंच ऱ्हातो म्हण. म्हंजे मला दाराकडं बघाय लागायचं न्हाई.”

वहिनींनी फोन माझ्या हातात परत दिला.

त्या कादंबरीत शेवटी आई दारात उभी आहे. लेखकानं तिला एकही वाक्य दिलेलं नाही. एवढी वर्षं घसा फोडून भांडलो आम्ही. ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

बापू, आता थांबू नको.

जा.