जांघेतली गाठ

ह्यांच्या डाव्या जांघेत गाठ आली, तेव्हा हे म्हणाले, "अवधाण असेल, पायाला काही लागलं की गाठ येते तसं. जाईल." चार महिने गेले, गाठ मात्र गेली नाही. पाय सुजला तेव्हा मीच ओढत डॉक्टरांकडे नेलं. गाठ काढून तपासली आणि हॉजकिन लिम्फोमा निघाला, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर. केमोथेरपी सुरू झाली, पण भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हे सांगणार, "पाय मुरगळलाय." शरीराच्या काही भागांची नावं आपल्या तोंडातून निघतच नाहीत, मग तिथलं दुखणं तरी कसं निघणार?

काल शेजारचे नानाभाऊ तिळाचं तेल घेऊन आले. "वहिनी, कोमट करून चोळा."

माझा संयम संपला. "भाऊजी, पाय मुरगळलेला नाही. जांघेत गाठ होती, कॅन्सरची. दुखत नव्हती म्हणून ह्यांनी चार महिने घालवले!"

हे खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, भाऊजी आता अवघडून उठतील. ते बसूनच राहिले. मग हळूच म्हणाले, "अजिबात दुखत नव्हती?"

मी नकारार्थी मान हलवली. तेव्हा ह्यांनी वळून त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "नाना, तुमच्या जांघेत कधीपासून आहे?"