थकलेली गाडी आधी

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी भिवापुरी मिरच्यांची देठं खुडत बसले होते. तेच हात डोळ्यांना लागले, म्हणून आधी कोणाला कळलंच नाही की मी रडते आहे… दिनकर भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आता महिना होईल त्याला.

मी लग्न होऊन लकडगंजच्या घरात आले तेव्हा ते एका कापडगिरणीत इलेक्ट्रिशियन होते. पुढे सत्तरच्या दशकात गिरणीने कापडाचे गठ्ठे वाहायला बॅटरीवर चालणाऱ्या दहा गाड्या घेतल्या आणि त्या चार्ज करायची खोली उभारण्याचं काम भाऊजींकडे आलं. केवढा उत्साह तो! दहा गाड्यांना दहा चार्जर, कोणी कोणासाठी थांबायला नको. पहिल्याच दिवशी पाळी सुटली, दहाही गाड्या एकदम लावल्या, आणि फ्यूज उडाला. अर्ध्या गिरणीचे माग बंद! साहेबांनी आठ दिवस दिले. नाहीतर गाड्या परत, आणि भाऊजीही घरी.

त्या रविवारी ते माझ्या स्वयंपाकघरात आगपेटीच्या काड्या मांडून बसले होते. मी पोळ्या लाटत होते.

"काय करून राहिले भाऊजी?"

"वहिनी, दहाही जणींले एकाच वेळी भूक लागते. लाईन पुरत नाही."

"मंग पंगती करा नं! माह्या एका चुलीवर बारा माणसं एकदम जेवतात का?"

ते हसले. काड्यांचे तीन ढीग केले. "पण पह्यल्या पंगतीले कोण? जी आधी आली ती?"

"आधी तं कामचोरही येतात. जास्त राबला त्याले आधी वाढा."

काड्या मांडता मांडता ते थांबले. माझ्याकडे वळले. "मंग तुम्ही शेवटच्या पंगतीले काहून?"

ते उठले, पाट मांडला, स्वतः ताट वाढलं आणि घरातल्या पुरुषांच्या आधी मला बसवलं. सासूबाई दारातूनच कडाडल्या, "दिनू, तुह्या गाड्या मिलमधी ठेव गा, घरात आणू नको!" लाजेनं मी मान वर केली नाही. पण वरण गरम होतं हो… लग्नानंतर पहिल्यांदा मी गरम वरण खाल्लं.

आठव्या दिवशी गाड्या तीन पंगतींत लागल्या, जिची बॅटरी जास्त उतरली ती आधी, आणि फ्यूज टिकला. भाऊजींनी खोलीत पाटी टांगली, 'थकलेली गाडी आधी'. सासूबाई बोलत राहिल्या, भाऊजी दर रविवारी मला आधी वाढत राहिले. गिरणी सोडली त्या दिवशी ती पाटी त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात आणून लावली.

तेराव्याला घरात ही गर्दी. आमची सून वर्षा पहाटेपासून उभी. आणि मीच, इतकी वर्षं आधी जेवलेली बाई, म्हणाले, "आधी पाहुण्यांले बसव." म्हणताना नजर पाटीकडे गेली… मी पाट मांडला.

"बस वं."

"आई, पाहुणे खोळंबले…"

"खोळंबू दे. बस."

ती संकोचून बसली. मी वरण वाढलं. वाफ येत होती.