कुंदाकाकीचा व्हिसा

व्हिसा वेळेवर मिळाला की सांगायला एकच शब्द उरतो, "मिळाला!" लांबला की किस्से साचत जातात. आमच्या आगाशीच्या आळीत एकट्या कुंदाकाकीच्या व्हिसाने इतके साचवलेत, की कुठला सांगू आणि कुठला नको!

काकी आमची शेजारीण. केळीची वाडी तिची. मुलगी शिल्पा कॅनडात, तिला दिवस गेलेले. बाळंतपणाच्या आत काकीला तिथे पोचायचं होतं. मी नुकतीच तिकडून शिकून, गावासाठी काहीतरी करायचंच म्हणून परत आलेले. अर्ज अर्थातच माझ्याकडे आला!

*

अर्जासोबत पत्र लागतं: का जायचंय आणि परत का येणार. मी तीन पानं लिहिली. कुटुंबाचा हक्क, माणुसकी, देशांच्या सीमा, सगळं! काकीला मराठीत समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"छान लिहिलंस, बाय. पण यात मी कुठे आहे?"

मग ती सांगत गेली, मी लिहीत गेले. "मुलीची पहिली वेळ आहे. तिला न्हाऊमाखू घालायचंय. तीन महिन्यांनी परत येईन. माझ्या केळींना दुसरं कोणी नाही."

चार वाक्यं! माझी तीन पानं मी गुपचूप घडी करून ठेवली.

*

बोटांचे ठसे द्यायला मुंबईला गेलो. मशीन ठसे घेईचना. जन्मभर कोयता आणि केळीचा चीक! काउंटरवरची मुलगी रडकुंडीला आली.

"आजी, तुमच्या बोटांवर रेषाच नाहीत हो!"

"वाडीत राहिल्या असतील," काकी म्हणाली. "जाऊन घेऊन येऊ?"

सगळे हसले. सातव्या खेपेला ठसे उमटले.

*

रोज सकाळी मी वेबसाइट उघडायचे. "प्रक्रिया सुरू आहे." एक महिना, दोन महिने, तीन! मी ईमेलवर ईमेल पाठवत होते. एकदा तर लॅपटॉपवरच ओरडले.

"पिकत घातलेलं केळं सारखं दाबून बघू नये," काकी म्हणाली. "पिकत नाही, काळं मात्र पडतं."

हे सांगणारी काकी स्वतः मात्र बाळंतिणीसाठी आणलेला डिंक रोज उन्हात ठेवायची आणि रोज आत घ्यायची.

*

शिल्पा तारखेच्या आधीच बाळंत झाली. मुलगी! इकडे प्रक्रिया सुरूच. घरात तिसरं माणूस नाही, आणि जावई निनाद बाळाला हात लावायला घाबरतोय.

काकीने वाडीतून भलंमोठं केळफूल आणलं. मोरीत पाय पसरून बसली, केळफूल पायांवर घेतलं आणि मला म्हणाली, "लाव व्हिडिओ." तिकडे निनादही बाथरूममध्ये पाय पसरून बसलेला.

"मान धर, मान! अशी!"

"आई, तुमच्या बाळाला मान कुठे आहे?"

"तुझ्याकडच्या बाळाला आहे ना? ती धर!"

अर्धा तास दोन देशांत आंघोळ चालली. बाळ रडलंच नाही. केळफुलाची भाजी काकीच्या हातची खावी. पण त्या केळफुलाला तिने विळी लावली नाही.

*

शेवटी पासपोर्टवर स्टिकर लागून आला. बाळ तोवर दीड महिन्याचं. काकी स्टिकरवरून अंगठा फिरवत बसली. मी तिकिटं शोधायला घेतली.

"काकी, बुधवारचं आहे! काढू?"

"पुढच्या महिन्यातलं बघ. आधी पूनम मोकळी होऊ दे."

मी उडालेच. मागच्या खोलीत तिची भाडेकरू पूनम राहते, नववा महिना लागलेली. नवरा कामावर. माहेर दोन दिवसांच्या प्रवासावर, आई आजारी.

"अगं, पण तू इतके महिने वाट बघितलीस!"

"फोन लाव शिल्पाला."

स्पीकरवर काकीने सगळं सांगितलं. पलीकडे बाळ कुरकुरत होतं.

"आई, माझ्या वेळी कोण होतं?"

"कोणी नव्हतं, बाय. कोणी नव्हतं."

मग शिल्पाने नाक ओढलं.

"पाय सुजलेत का तिचे?"

"थोडे."

"मग तिला मीठ कमी दे."