ठोकून बसवायचा गिअरबॉक्स

बायांनो, आजची गंमत ऐका. माजा डावा गुडगा अधू, म्हनून मालकांनी बिनक्लचची ऑटोमॅटिक गाडी घेतली. मालक गेले, आता गिअरबॉक्सबी गेला.

सकाळी सोलापुरात जुन्या पार्टच्या दुकानात गेले. दुकानदारानं दुसऱ्याच मॉडेलचा बॉक्स काडला. भोकं जुळंनात.

"मावशी, ठोकून बसवू की!"

म्हनलं, "आदी तुमच्या बारक्या लेकाची चप्पल ठोकून पायात बसवा, नवी पेठ हिंडून या, मग बगू."

"मग क्लचवाला टाका, ड्रायव्हर ठेवा. या वयात कुटं जायचंय तुमाला?"

आगं, हे मालकांनीबी कदी इचारलं न्हाय!

गाडीचा फोटू ग्रुपवर टाकलाय. हिचा बॉक्स कुनाकडं हाय का? गाडी सुरू झाली की पयला हॉर्न त्या ठोकून बसवनाऱ्याच्याच दुकानाम्होरं वाजवनार हाय.