शून्यापासून मोजणारे दादा

आमच्या साडूंच्या थोरल्या बंधूंइतका आलेखांवर जीव टाकणारा माणूस गंगेच्या या तीरावर नाही आणि त्या तीरावरही नसणार, हे मी अख्खं कोलकाता न फिरता छातीठोकपणे सांगतो. हे वाक्य त्यांच्यासमोर बोललो असतो तर "किती जणांना विचारलंस?" हा प्रश्न तोंडावर आला असता. सरकारी आकडेवारीच्या खात्यात जन्म काढून ते निवृत्त झाले आणि महाराष्ट्रात परत जायचं सोडून कोलकात्याच्या बेहाला भागातच राहिले. मी त्यांना दादा म्हणतो. इथे ऑटोवाल्यालाही दादाच म्हणतात, तेव्हा त्यात मान किती आणि सवय किती, हे एकदा तपासायला हवं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक वेळ पेन नसेल, पण सहा इंची पारदर्शक पट्टी असतेच. सकाळी वर्तमानपत्र आलं की लोक बातम्या वाचतात. दादा स्तंभ मोजतात. एखादा स्तंभालेख शून्याऐवजी मधूनच कुठून तरी सुरू झालेला दिसला की त्यांचा चहा निवालाच म्हणून समजा. "दोन भावांच्या उंचीत बोटभर फरक. हा शहाणा गळ्याखालचं सगळं कापून नुसती डोकी दाखवतो आणि म्हणतो, थोरला दुप्पट!" असं ते मला ऐकवतात, जणू तो आलेख मीच काढला आहे.

एकदा मासळीबाजारात एक पोस्टर लागलं होतं. विक्री दुप्पट झाली हे सांगायला एक छोटा इलिश मासा आणि शेजारी लांबीलाही दुप्पट, रुंदीलाही दुप्पट असा दुसरा इलिश काढलेला. दादांनी भर गर्दीत पट्टी काढली. मागचे लोक खोळंबले. "दुप्पट म्हणतात आणि चौपट दाखवतात!" दादा कडाडले. मासेवाल्याने कोयती खाली ठेवली, पोस्टरकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "चार ना, दादा, आट गुण होबे! माछ की कागोज?" चौपट कसली, आठपट; मासा म्हणजे काय कागद आहे, जाडीही वाढणारच की! दादांनी त्या माणसाचा ओला हात दोन्ही हातांत धरला. शुद्ध शाकाहारी असूनही ते अजून आठवड्याला एकदा त्याच्याकडे गप्पा मारायला जातात.

घरच्यांनाही सूट नाही. त्यांच्या फ्रिजवर त्यांच्याच रक्तातल्या साखरेचा आलेख लावलेला असतो. विजयादशमीनंतर शेजाऱ्यांकडे भेटीला जायची आणि मिठाई खायची इथली रीत, तेव्हा त्या आठवड्यात रेघ घराच्या छताला लागते आणि तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : 'संदेश, सहा नग.' डॉक्टरांकडे जाताना वहिनी म्हणाल्या, "तेवढा एक ठिपका पुसा हो, उगीच बोलणी बसतात." दादा म्हणाले, "ठिपका पुसला म्हणून खाल्लेला संदेश बाहेर येतो का?" बोलणी बसली. दादांनी ती मान खाली घालून ऐकली.

या वहिनी आमच्या मराठी मंडळाच्या खोलीत दर रविवारी मुलांना मराठी शिकवायच्या. "आई, मला जोल दे" म्हणणारी आमची पोरं त्यांच्याकडे जाऊन पाणी मागायला शिकली. पण पोरं कमी होत गेली, आणि ती खोली योगवर्गाला द्यावी असं काही मंडळी म्हणू लागली. निर्णय सभेत व्हायचा होता. आलेख काढायचं काम अर्थातच दादांकडे आलं. उभ्या आयुष्यात नवऱ्याकडे काही न मागणाऱ्या वहिनी माझ्यासमोर म्हणाल्या, "एकदाच, माझ्यासाठी. उतार जरा कमी दिसू दे." मी बँकेतला माणूस, मला युक्ती ठाऊक होती. म्हटलं, "दादा, उभा अक्ष शंभरापर्यंत न्या. रेघ जवळजवळ सपाट दिसेल, आणि खोटं काहीच नाही." दादांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा न घेताच उठलो. 

सभेत दादांनी मोठा कागद उलगडला. शिकत असलेल्या प्रत्येक मुलाचा एक भरीव ठिपका, सोडून गेलेल्याचं पोकळ वर्तुळ, आणि प्रत्येक वर्तुळाशेजारी कारण. भरीव ठिपके कमी होत गेलेले पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना दिसले. खोली गेली. हात वर करणाऱ्यांचाही दोष नव्हता. कागद स्वच्छ होता. सगळे उठले तरी वहिनी मात्र कागदासमोर उभ्या राहून कारणं वाचत होत्या. वडिलांची बदली, पुणे. वडिलांची बदली, झाशी. फोर्ट विल्यमच्या लष्करी छावणीतून बदली. बदली, बदली.

"म्हणजे कंटाळून एकही पोर गेलं नाही?" त्यांनी विचारलं. इतकी वर्षं त्यांना तीच भीती होती, हे मला त्या दिवशी कळलं. दादांनाही बहुधा तेव्हाच कळलं असावं.

"एकही नाही," दादा म्हणाले. "मी प्रत्येक घरी फोन करून विचारलं."

वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि पुढच्या रविवारी स्वतःच्या जेवणाच्या टेबलाभोवती चार खुर्च्या मांडल्या. चार मुलं, त्यात एक माझी लेक. वर्ग मजेत चालला आहे. कागद आता तिथल्या भिंतीवर असतो आणि मासेवाल्याने तो खास येऊन पाहिला आहे.

गेल्या महिन्यात माझ्या बदलीचा हुकूम आला. नागपूर. लेकीला घेऊन सांगायला गेलो. दादांनी नुसतं "हं" केलं आणि रबर घेतलं. लेक म्हणाली, "काका, माझा ठिपका तसाच भरलेला ठेवा ना."

"कसा ठेवू, बाळ? तू इथे नसशील ना."

त्यांनी ठिपका खोडला आणि त्या जागी वर्तुळ काढलं. शेजारी लिहिलं : वडिलांची बदली, नागपूर. जन्मभर रेघेला रेघ जुळवणारा तो हात. पण ते एक वर्तुळ काही केल्या नीट आलं नाही, आणि दादांनी ते दुरुस्तही केलं नाही.