काकींची बारा वर्षं

अकोटकडच्या काकी खोटं बोलत नसत. एरवी हा सद्गुण. पण जठारपेठेत नवीनच पाटी लावलेल्या माझ्यासारख्या वकिलाला असं अशील म्हणजे डोक्याला ताप होता.

सासऱ्यांनी या विधवा सुनेच्या नावानं पाच एकर वावराचं बक्षीसपत्र केलं होतं. सासरे गेले आणि थोरल्या दिरानं ते वावर बळकावलं. काकी माझ्याकडे आल्या तेव्हा त्याला तेरावं वर्ष लागलेलं, आणि कायद्यानं दावा बारा वर्षांच्या आत लावायचा असतो.

"इतकी वर्षं काय केलंत?" मी खेकसलोच.

"सासू जित्ती होती ना बाप्पा! बुढीच्या देखत तिच्या लेकाले कोर्टात कसं उभं करू?"

सासूची तेरवी आटोपून दुसऱ्याच दिवशी त्या मोटारीत बसल्या होत्या. म्हातारी चार महिने आधी गेली असती तर, असं माझ्या मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली.

वावर बळकावल्याचं साल एकानं पुढचं लिहू, असं मी सुचवलं. काकी उठूनच उभ्या राहिल्या. "खोटं लिवून वावर भेटलं, त त्याची भाकर मले गिळवन का?"

खरं साल लिहून दावा लावला. दीर मुदतीचा मुद्दा काढणार नाही, एवढीच आशा होती. त्यानं काढलाही नाही. वकील नाही, जबाब नाही. भावजयीसमोर नुसता मान खाली घालून उभा राहिला. मी मनात पेढे वाटले. तेवढ्यात न्यायाधीशांनी वाचता वाचता त्या सालावर बोट ठेवलं. मुदत गेली असेल, तर समोरचा हरकत घेवो न घेवो, कोर्टाला स्वतःहून दावा फेटाळावाच लागतो. दहा मिनिटांत सगळं संपलं.

"तो त काहीच नाही बोलला," बाहेर निंबाखाली काकी म्हणाल्या. "मंग सायेब काहून बोलले?"

मी कलम समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "म्हंजे बुढी होती तवर मी थांबली, तेच माहं चुकलं."

'नाही' म्हणायला हवं होतं. मी कागद आवरत राहिलो. ते अजून टोचतं.

दोन वर्षांनी दुसऱ्या कामासाठी त्यांच्या गावी गेलो. त्याच वावरात काकी दिराकडे रोजानं कापूस वेचत होत्या. तसाच पिकातून त्यांच्याकडे निघालो.

काकी लांबूनच ओरडल्या, "वकीलसायेब, बांधावरून या! पराटी मोडन."